आंतरजालावर कोण दिसतं आणि कसं दिसतं: मोजणी आणि दुरुस्ती

दुवासांधणी (धागाकर्ती)

"बायका कमी दिसतात", "वांशिक अल्पसंख्य ठरावीक साच्यातच दिसतात" इथपर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. किती कमी, कुठे आणि कुणाच्या तुलनेत, असं विचारलं की गाडी अडते. हा धागा त्या पुढच्या कामासाठी आहे. छायाचित्रसंग्रह, चरित्रकोश, बातम्यांचं संकेतस्थळ, शोधयंत्राचे निकाल, यांपैकी कशाचाही लेखाजोखा करायचा असेल तर पद्धत काय असावी, यावर जाणकारांनी लिहावं. सुरुवात मी करते.

सगळ्यात आधी छेद ठरवा, म्हणजे टक्केवारी कशाच्या तुलनेत मोजायची ते. सीईओ या शब्दावर गूगलच्या चित्रशोधात दिसणाऱ्या माणसांत ११ टक्के स्त्रिया होत्या, तर अमेरिकेत त्या पदावर प्रत्यक्षात २७ टक्के, असं २०१५च्या एका अभ्यासात निघालं. नुसते ११ टक्के हातात घेऊन काहीच सिद्ध झालं नसतं. त्याला अर्थ आला तो २७ शेजारी ठेवल्यावर. छेद तीन असू शकतात: एकूण लोकसंख्येतलं प्रमाण, त्या क्षेत्रातलं प्रत्यक्ष प्रमाण, आणि ज्यांच्याविषयी विश्वासार्ह लिखाण उपलब्ध आहे अशांतलं प्रमाण. पहिल्या आणि दुसऱ्यातली दरी समाजाची आहे. दुसऱ्या आणि तुमच्या आकड्यातली दरी मात्र तुमच्या संपादकाची किंवा यंत्राची. अहवालात या दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या की संपादक "समाजच तसा आहे" म्हणून हात झटकतो, आणि अर्ध्या बाबतीत त्याचं बरोबरही असतं.

मग नमुना. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के अधिक-उणे हवं तर ३८५ नोंदी लागतात, हे पाठ असतं सगळ्यांना. स्त्री-पुरुष प्रमाणासाठी ते चालतं. दोन टक्क्यांच्या गटासाठी चालत नाही: ३८५ मध्ये असे आठेक जण येणार, आणि तुमचं उत्तर ०.६ ते ३.४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे "गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट झालं" आणि "काहीच बदललं नाही" ही दोन्ही विधानं त्याच आकड्यांवरून करता येतात. त्यामुळे लहान गटांसाठी वेगळा थर करून तिथून मुद्दाम जास्त नोंदी उचलाव्यात आणि एकूण टक्केवारी काढताना भार देऊन हिशेब सरळ करावा.

तिसरी गोष्ट स्तंभांची. फक्त "आहे / नाही" नोंदवू नका. माझ्या तक्त्यात प्रत्येक व्यक्तीमागे इतकं असतं: चौकटीत पुढे की मागे, चित्रओळीत नाव आहे का, ती काही करतेय की तिच्यावर काही केलं जातंय, तिचं म्हणणं अवतरणात आहे का, आणि मजकुराचा विषय तिचं काम आहे की तिची ओळख. शेवटचा स्तंभ भरायला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त बोलका. पुष्कळ ठिकाणी अल्पसंख्य गटातल्या तज्ज्ञाला फक्त भेदभावावरच्या लेखात बोलावलेलं असतं. हवामान, अर्थसंकल्प, शस्त्रक्रिया या विषयांवर नाही. एकूण टक्केवारी छान दिसते आणि हे त्यात लपून जातं.

---

आकडेमोड_शून्य

धागा आवडला. नमुन्याचं पटलं. नोंदी करणाऱ्यांबद्दल भर घालतो.

एकच जण नोंदी करत असेल तर तो अहवाल नसून मत असतं. किमान दोघांनी एकमेकांच्या नोंदी न बघता त्याच २०० वस्तू तपासाव्यात आणि मग जुळणी पाहावी. इथे फसगत होते ती टक्केवारीने. समजा २०० छायाचित्रांत दोघांनीही प्रत्येकी १० वर "अपंग व्यक्ती दिसते" अशी खूण केली, पण त्यातली सामाईक चारच आहेत. जुळणी किती? १८८ ठिकाणी एकमत, म्हणजे ९४ टक्के. वा! पण इतक्या दुर्मीळ गोष्टीत डोळे मिटून खुणा केल्या तरी ९०.५ टक्के जुळतं. ते वजा करून काढलेला जुळणीचा आकडा, म्हणजे कोहेनचा कॅपा, येतो फक्त ०.३७ (१ म्हणजे पूर्ण जुळणी). नोंदी फेकून द्यायच्या लायकीच्या आहेत. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे असंच दुसरं माप, त्यासाठी ०.८०० ही समाधानकारक पातळी मानतात, आणि ०.६६७ च्या खाली तर काही निष्कर्षच काढू नये.

कॅपा कमी आला की लोक नोंद करणारे बदलतात. बहुतेक वेळा दोष व्याख्येत असतो. "अपंग व्यक्ती दिसते" ऐवजी "चाकाची खुर्ची, कुबडी, पांढरी काठी, कृत्रिम अवयव किंवा श्रवणयंत्र चौकटीत आहे" असं लिहून बघा, आकडा वर चढतो. अर्थात मग तुम्ही न दिसणारं अपंगत्व मोजत नाही आहात, हेही अहवालात लिहावं लागतं.

नावावरून लिंग ओळखणाऱ्या आज्ञावलींबद्दल एक सावधगिरी. आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बहुधा स्त्री. निकिता रशियात पुरुष. आपला किरण तर कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. चिनी नावं रोमन लिपीत आली की उच्चारातले चढउतार आणि मूळ चिन्हं दोन्ही गळतात, अंदाज जवळजवळ निरुपयोगी होतो. यातली खरी गोम अशी की चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. ज्या समाजांची नावं त्या आज्ञावलीच्या माहितीसाठ्यात कमी, त्यांच्याच बाबतीत "अनिश्चित" जास्त येतं, आणि "अनिश्चित" रांगा गाळून टाकायची सवय असल्यामुळे अल्पसंख्य मोजणीतूनच बाहेर पडतात. वापरायचंच असेल तर "अनिश्चित" हा स्वतंत्र स्तंभ ठेवून तो प्रत्येक तक्त्यात दाखवा. आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारी) व्यक्ती या पद्धतीत कधीच सापडणार नाही, ही तिची बांधणीतच असलेली मर्यादा आहे.

---

मधली ओळ

प्रश्न: छायाचित्रावरून वंश कसा नोंदवायचा? काही अहवालांत "गोरे / काळे / आशियाई" असे स्तंभ सरळ भरलेले दिसतात.

---

दुवासांधणी

@मधली ओळ, नोंदवायचाच नाही. छायाचित्रात वंश दिसत नाही, त्वचेची छटा दिसते. तीही प्रकाशावर अवलंबून. म्हणून "दिसणारी छटा" असाच स्तंभ ठेवा आणि मोजपट्टी सांगा. फिट्झपॅट्रिकची सहा प्रकारांची पट्टी मुळात उन्हाने त्वचा किती भाजते यासाठी केलेली, गडद छटांत ती आखूड पडते. २०२२ पासून उपलब्ध असलेली दहा छटांची मंक पट्टी या कामाला बरी.

छटा आणि लिंग वेगवेगळं मोजून थांबू नका, दोन्ही एकत्र घेऊन तक्ता करा (गडद स्त्रिया, उजळ पुरुष असे गट पाडून). २०१८ च्या जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या अभ्यासाचं महत्त्व तिथेच आहे. चेहऱ्यावरून लिंग सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या. त्यासाठी रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन इथल्या खासदारांचे १,२७० चेहरे घेतले, म्हणजे दोन्ही टोकांच्या छटा आणि दोन्ही लिंगं पुरेशी यावीत. उजळ पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद छटेच्या स्त्रियांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकत्रित सरासरीत हे दिसलंच नसतं. त्याआधीचे दोन प्रचलित चाचणीसंच बघा: एकात उजळ चेहरे ७९.६ टक्के, दुसऱ्यात ८६.२. अशा संचावर कुठलीही प्रणाली उत्तम गुण मिळवणारच.

---

पानखूण

विकिपीडिया आणि विकिडेटा (विकिपीडियाचा जोडप्रकल्प, रकान्यांत भरलेल्या माहितीचा साठा) यांबद्दल लिहितो, कारण शोधयंत्रं, आवाजी सहायक आणि भाषाप्रारूपं (चॅटबॉटमागची यंत्रणा) सगळी तिथूनच उचलतात. तिथली उणीव पुढे दहा ठिकाणी उमटते.

मोजणी: विकिडेटावर प्रत्येक गोष्टीला आणि गुणधर्माला क्रमांक असतो. माणूस म्हणजे क्यू५, लिंगाचा गुणधर्म पी२१. सगळ्या माणसांची एकदम गणती मागितलीत तर ६० सेकंदांच्या मर्यादेत प्रश्न कोसळतो. व्यवसाय पी१०६ आणि जन्माचं दशक असे तुकडे करून मागा. दोन सापळे आहेत. पहिला, "स्त्री" या एकाच मूल्यावर गाळणी लावली की ट्रान्स स्त्रिया सुटतात, कारण त्यांच्यासाठी तिथे वेगळं मूल्य वापरलेलं असतं. नॉनबायनरी आणि इंटरसेक्स (जन्मतः शरीर स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या व्यक्ती) ही मूल्यंही वेगळी आहेत. त्यामुळे आधी त्या तुकड्यात पी२१ ची कोणकोणती मूल्यं आहेत याची यादी काढा, मगच गट पाडा. दुसरा, पी२१ भरलेलाच नाही अशा नोंदी. त्या छेदात धरायच्या की नाही हे लिहून ठेवा. आणि ही माहिती आली कुठून तेही उघडून बघा; पी८८७ जोडलेला असेल तर ती कुठल्यातरी ठोकताळ्यावरून भरलेली आहे.

वांशिक गटासाठी पी१७२ आहे, पण त्यावर मोजणी उभारू नका. तिथला संकेत असा की व्यक्तीने स्वतः सांगितलेलं असावं किंवा अभ्यासकांत व्यापक एकमत असावं. पुराव्याची पातळी फार वरची. साहजिकच बहुसंख्य गटातल्या लोकांच्या नोंदीत तो रिकामाच असतो. "ज्यांच्यात भरला आहे त्यांत अमुक टक्के" हे वाक्य म्हणजे निव्वळ धूळफेक.

इंग्रजी विकिपीडियावर चरित्रलेखांत स्त्रियांचं प्रमाण २०१४-१५ च्या सुमारास १५ टक्क्यांच्या आसपास होतं, आता २० च्या आसपास आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या विमेन इन रेड प्रकल्पाचा त्यात मोठा हात. पद्धत साधी: विकिडेटावरून ज्यांच्यावर लेख नाही अशांच्या याद्या काढायच्या आणि लाल दुवे (लेख नसलेल्या नावांचे) लेख लिहून निळे करायचे.

पण लेख लिहिला म्हणजे टिकला असं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस्का ट्रिपोडी यांच्या अभ्यासात दिसलं की वगळण्यासाठी सुचवलेल्या चरित्रांत स्त्रियांचा वाटा त्यांच्या एकूण वाट्यापेक्षा सातत्याने जास्त होता. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात संदर्भ अपुरे म्हणून परत पाठवला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्यामुळे नवा लेख मुख्य नामविश्वात (मसुद्यांतून वाचकांना दिसणाऱ्या भागात) आणण्यापूर्वी एवढं बघा:

व्यक्तीशी संबंध नसलेले, तिच्यावर सविस्तर लिहिणारे किमान दोन-तीन दुय्यम संदर्भ हवेत. मुलाखत स्वतंत्र संदर्भ धरत नाहीत, संस्थेच्या संकेतस्थळावरचा परिचय तर नाहीच. प्राध्यापक-संशोधक असेल तर शैक्षणिक व्यक्तींसाठीचे वेगळे निकष लावा, ते वृत्तपत्रीय प्रसिद्धीवर अवलंबून नाहीत. आणि पहिल्याच वाक्यात ती कशासाठी उल्लेखनीय आहे ते यावं. तपासनीस बहुधा दोन परिच्छेदांपलीकडे वाचत नाही.

मजकुरात काय बिघडतं? २०१५ च्या एका तौलनिक अभ्यासात आढळलं की इंग्रजी विकिपीडियावर घटस्फोटाचा उल्लेख असलेला चरित्रलेख स्त्रीचा असण्याची शक्यता ४.४ पट. तेव्हा लेख तपासताना कुटुंबाचा परिच्छेद कामाच्या आधी आलाय का, तिची ओळख "अमक्याची पत्नी" म्हणून करून दिलीय का, हे पहिलं बघावं. उलटा तपासही हवा: त्या अमक्याच्या लेखात तिचा दुवा आहे का? "येथे काय जोडले आहे" उघडलंत तर पुष्कळ चरित्रं अनाथ सापडतील, म्हणजे त्यांच्याकडे कुठल्याच लेखातून दुवा नाही. दुवे नसलेला लेख शोधात मागे पडतो. एखाद्या विषयाच्या मुख्य लेखात योग्य जागी एक दुवा देणं हे नवीन लेखाच्या पहिल्या परिच्छेदापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

वर्गीकरण हा वेगळाच घोळ. २०१३ मध्ये अमेरिकी कादंबरीकार या मूळ वर्गातून स्त्रियांना काढून "अमेरिकी स्त्री कादंबरीकार" या उपवर्गात हलवलं जात होतं, म्हणजे मूळ यादीत उरले पुरुष. नियम असा की लिंग, वंश, धर्म, लैंगिकता यांवरचे उपवर्ग मूळ वर्ग रिकामा करणारे नसावेत. लेख दोन्हीत राहिला पाहिजे. स्वयंचलित साधनांनी वर्ग हलवणारे हे विसरतात. उपवर्गाच्या पानावर तशी सूचना लावून ठेवली तर बरंच टळतं.

---

उलटतपासणी

इतका खटाटोप पटतो, पण यंत्राच्या निकालांना एवढं का धरता? यंत्र जे जास्त बघितलं जातं तेच दाखवतं. त्याला कुणाशी वैर नाही.

---

आकडेमोड_शून्य

वैर नसतंच. म्हणून तर मोजावं लागतं. ट्विटरच्या चित्र कापणाऱ्या प्रणालीचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये तक्रारी झाल्या, कंपनीने स्वतः तपासलं आणि २०२१ मध्ये निकाल छापले: स्त्री-पुरुष जोडीत स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के कल, गोऱ्या-काळ्या जोडीत गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्के. फक्त स्त्रियांत हा कल ७, फक्त पुरुषांत २. म्हणजे कल सगळीकडे सारखा नव्हता. तोडगा काय निघाला, तर कापणंच बंद केलं. पूर्ण चित्र दाखवायला लागले. कधीकधी हेच सगळ्यात स्वस्त उत्तर असतं.

याच्या उलट २०१५ चं गूगल फोटोजचं प्रकरण. काळ्या व्यक्तींच्या छायाचित्रांवर गोरिला अशी चिठ्ठी लागली. दुरुस्ती म्हणून तो शब्दच चिठ्ठ्यांतून काढून टाकला, आणि काही वर्षांनी तपासलं तरी तसाच काढलेला होता. तक्रार थांबली, प्रारूप सुधारलं की नाही ते बाहेरून कळायला मार्गच नाही.

चित्रशोध तपासायचा असेल तर: खात्यातून बाहेर पडून खाजगी खिडकीत, प्रदेश आणि भाषा ठरवून, पहिले १०० निकाल, दिनांकासह साठवून. शब्द एकेरी आणि विशेषणाशिवाय. नंतर तोच शोध दुसऱ्या भाषेत. पडद्यावरचं चित्र साठवलं नाहीत तर पुढच्या महिन्यात तुमच्या आकड्याला पुरावा नाही, निकाल रोज हलतात.

---

चाळणीवाला

मजकूर गाळणाऱ्या यंत्रणांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे अल्पसंख्य "चुकीचे" दिसत नाहीत, दिसायचेच बंद होतात.

२०१८ च्या एका अभ्यासात विखारी टिप्पण्या ओळखणाऱ्या प्रारूपाचा शिकवणीसंच उघडून पाहिला. विखारी म्हणून खूण केलेल्या टिप्पण्यांपैकी ३ टक्क्यांत "गे" हा शब्द होता, एकूण संचात मात्र ०.५ टक्क्यातच. प्रारूपाने शब्दालाच शिवी मानलं. मग "मी गे आहे" हे साधं वाक्यही वरच्या गुणांनी अडकतं. उपाय त्यांनीच दाखवला: तोच शब्द असलेली निरुपद्रवी वाक्यं शिकवणीत वाढवून प्रमाण समतोल केलं. शब्द यादीतून काढणं हा उपाय नव्हे, कारण त्याच शब्दाने खरोखर छळही होतो.

बोलीचंही तसंच. २०१९ मध्ये दिसलं की आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीतल्या ट्विटांना आक्षेपार्ह ठरवलं जाण्याची शक्यता दुपटीपर्यंत जाते. खूण करणाऱ्यांना "हे या बोलीतलं आहे" अशी आधी कल्पना दिली की प्रमाण घटलं. सूचनापत्रकात ही एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

आणि सी४ हा प्रचंड मजकूरसंच, ज्यावर भाषाप्रारूपं शिकतात. निषिद्ध यादीतला एक शब्द आला की अख्खं पान बाद. २०२१ च्या तपासणीत आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीशी जुळणारा मजकूर ४२ टक्के गळाला होता, हिस्पॅनिक धाटणीचा ३२ टक्के, गोऱ्या अमेरिकी इंग्रजीचा ६.२ टक्के.

तुमच्या संकेतस्थळाची चाळणी तपासायची कृती: दहा निरुपद्रवी वाक्यांचे साचे घ्या, "माझा शेजारी ___ आहे", "___ लेखिकेचं नवं पुस्तक आलं" अशा छापाचे. रिकाम्या जागी वीसेक ओळखी घाला, त्यात बहुसंख्य गटांच्याही. झाली २०० वाक्यं. चाळणी सगळ्यांना विखारीपणाचे किती गुण देते ते काढा आणि एकाच साच्यातल्या गुणांची तुलना करा. वाक्य तेच असल्यामुळे फरक ओळखीचाच असतो. मग तुमच्या उंबरठ्याच्या (ज्या गुणांपुढे मजकूर अडतो त्याच्या) वर किती गेली ते ओळखीनुसार मोजा. सरासरी बघू नका. सरासरी ठीक असते आणि दोन ओळखी शंभर टक्के अडकतात.

ज्या यंत्रणांत ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की मजकूर आपोआप लपतो, तिथे हे सगळं करूनही उपयोग नाही. झुंडीने तक्रारी करणाऱ्यांना ती संख्या कधीच कळलेली असते. अशा वेळी तक्रारींची संख्या नव्हे तर तक्रारदारांचं मागचं खरं-खोटं धरून भार द्यावा, आणि लपवण्याऐवजी माणसाच्या रांगेत टाकावं.

---

मधली ओळ

+१. ही कृती आमच्या गटाला पाठवतो. अर्जांमधल्या लिंगाच्या रकान्याबद्दलही कुणी सांगेल का? तीन पर्याय पुरे की नाही यावर नेहमी भांडण होतं.

---

रिकामा रकाना

भांडण पर्यायांवर होतं, व्हायला हवं ते प्रश्नावर. रकाना कशासाठी? पत्रात संबोधन घालायचं असेल तर संबोधनच विचारा. वैद्यकीय मात्रा ठरवायची असेल तर शरीराबद्दल विचारा. कुठलंच कारण सापडलं नाही तर रकाना काढा. पुष्कळदा हाच निकाल लागतो.

ठेवायचाच असेल तर आधी खालची साठवण बघा. जुन्या प्रणालींत आयएसओ ५२१८ या आंतरराष्ट्रीय मानकाचे चार आकडे असतात: ० माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही. दर्शनी पानावर तुम्ही कितीही पर्याय द्या, या साठवणीत ते सगळे ० किंवा ९ मध्ये जाऊन पडतात आणि "माहिती दिली नाही" मध्ये मोजले जातात. व्हीकार्ड ४.० मध्ये (संपर्काची माहिती साठवण्याचा प्रमाण नमुना) लिंगासाठी पाच अक्षरांबरोबर मुक्त मजकुराची सोय २०११ पासून आहे. निदान तेवढी रचना ठेवा. पडद्यावर: ठरावीक पर्याय, शिवाय स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची जागा, शिवाय "सांगायचं नाही", आणि एकाहून अधिक निवडण्याची मुभा. "इतर" हा शब्द टाळा. आणि नंतर बदलता आलं पाहिजे, जुनं मूल्य इतिहासात न दाखवता.

वंशाच्या रकान्यात पर्याय बदलले की मागच्या वर्षांशी तुलना तुटते. अमेरिकी शासनाने मार्च २०२४ मध्ये वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एक केले आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा गट आणला. किमान गट सात झाले. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात जोडरेषेने दाखवणं चूक. मध्ये तुटक खूण करा.

नावाचा रकाना तर अल्पसंख्यांना सगळ्यात जास्त छळतो, पण त्याला कुणी प्रतिनिधित्वाचा प्रश्न मानत नाही. आडनाव सक्तीचं, किमान तीन अक्षरं, अवतरणचिन्हाला बंदी, जास्तीत जास्त वीस अक्षरं: यातला प्रत्येक नियम कुठल्यातरी समाजाला सरळ बाहेर ठेवतो. २०१४ मध्ये फेसबुकच्या खऱ्या नावाच्या धोरणाखाली ड्रॅग कलाकार आणि अमेरिकेतले मूलनिवासी, दोघांचीही खाती बंद झाली होती. एकच नावपेटी, अक्षरसंख्येला मोकळीक, कुठलंही युनिकोड (जगातल्या लिप्यांची सामाईक संकेतयादी) अक्षर, आणि साठवण्याआधी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणं. झालं.

अवांतर: इमोजी. त्वचेच्या पाच छटा २०१५ मध्ये युनिकोड ८.० मध्ये आल्या. छटा असलेली स्त्री वैज्ञानिक पडद्यावर एक चित्र दिसते, आत मात्र चार संकेतबिंदू आहेत: स्त्री, छटा, जोडणारं अदृश्य अक्षर, सूक्ष्मदर्शक. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १५ बाइट. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजून मधेच कापलीत तर छटा किंवा व्यवसाय गळतो. मग पिवळी किंवा बेकार बाई उरते.

---

पानखूण

"पिवळी किंवा बेकार" :-)

---

ओटीवरची

एक मुद्दा राहिला तो जोखमीचा. जास्त दिसणं नेहमीच चांगलं असं गृहीत धरून वरची सगळी चर्चा चालली आहे. लहान गटांत मोजणीच माणसाला उघडं पाडते.

तक्त्यात पाचपेक्षा कमी आकडा असलेला चौकोन छापू नका. काही संस्था दहाची मर्यादा ठेवतात. आणि तो एकच झाकून भागत नाही. ओळीची बेरीज दिली असेल तर वजाबाकीने तो परत मिळतो, स्तंभाची दिली असेल तर तिकडूनही, म्हणून त्याच ओळीतला एक, त्याच स्तंभातला एक आणि त्या दोघांच्या ओळ-स्तंभ जिथे मिळतात तो, असे आणखी तीन चौकोन झाकावे लागतात. जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम ९ खाली वांशिक मूळ आणि लैंगिक कल विशेष संरक्षित आहेत. लिंग त्या यादीत नाही, पण ट्रान्स असल्याची नोंद आरोग्याच्या माहितीकडे झुकू शकते, तेव्हा ती साधी समजून हाताळू नये.

"अमुक क्षेत्रातल्या ट्रान्स व्यक्ती" अशी यादी सदिच्छेने केली तरी ती छळणाऱ्यांसाठी तयार पत्ते होते. निकष एकच ठेवा: व्यक्तीने स्वतः, जाहीरपणे, त्याच संदर्भात सांगितलं आहे का? जुन्या नावाबाबत इंग्रजी विकिपीडियाचा संकेत वापरण्याजोगा आहे: त्या नावाने उल्लेखनीय झाली असेल तरच ते द्यायचं, एरवी संदर्भात सापडलं तरी नाही.

मूलनिवासी समाजांच्या बाबतीत तर "सगळं खुलं करा" हाच मंत्र अडचणीचा. काही विधींची छायाचित्रं त्या समाजातही सगळ्यांना बघायची मुभा नसते. ऑस्ट्रेलियात मृत व्यक्तीचं नाव वा चित्र दाखवण्याआधी इशारा देण्याची पद्धत संग्रहांनी स्वीकारली आहे. मूलनिवासींच्या माहितीच्या वापराबद्दलची २०१९ ची केअर तत्त्वं नियंत्रण त्या समाजाकडे ठेवतात. लोकल काँटेक्स्ट्स या उपक्रमाच्या पारंपरिक ज्ञानाच्या चिठ्ठ्या नोंदीला जोडता येतात, त्यात कोण, कधी, कशासाठी वापरू शकतं ते समाज स्वतः सांगतो. प्रताधिकार संपला म्हणून हे संपत नाही.

आणि दुसऱ्याच्या भाषेत उत्साहाने भर घालणाऱ्यांसाठी स्कॉट्स विकिपीडिया. २०२० मध्ये उघड झालं की तिथले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एकाच सदस्याने लिहिले होते. वाईट हेतू नव्हता. पण ती भाषा आंतरजालावर "दिसत" होती ती अशी, आणि यंत्रं तीच शिकत होती. लेखांची संख्या हा मोजमापाचा स्तंभ ठेवणाऱ्यांना त्यात भरभराट दिसली असती.

---

उलटतपासणी

हा शेवटचा मुद्दा माझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. मग चित्रांच्या पर्यायी मजकुराचं (चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवल्या जाणाऱ्या वर्णनाचं) काय करायचं? अंध वाचकाला व्यक्तीचा वंश-लिंग सांगायचं की नाही?

---

दुवासांधणी

@उलटतपासणी, ठाऊक असेल आणि संदर्भाला लागत असेल तर सांगायचं. चेहऱ्यावरून ओळखून नाही. ठाऊक नसेल तर जे दिसतं ते: "आखूड केसांची, गडद त्वचेची व्यक्ती प्रयोगशाळेत". आणि एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगायचं. गोऱ्या पुरुषाला "शास्त्रज्ञ" आणि बाकीच्यांना "कृष्णवर्णीय स्त्री शास्त्रज्ञ" असं लिहिलं की कोण मूळ आणि कोण अपवाद ते वाचकाला बरोबर कळतं. तपासायला सोपं आहे: सगळा पर्यायी मजकूर एका फायलीत उतरवून घ्या, वंश-लिंगाचे शब्द शोधा, आणि किती टक्के ओळींत फक्त अल्पसंख्यांनाच ते लागलेत ते मोजा.

तयार संग्रहांतल्या छायाचित्रांबद्दल: २०१४ मध्ये लीन इन ही संस्था आणि छायाचित्रं पुरवणारी गेटी इमेजेस यांनी स्त्रियांचा, तर २०१९ मध्ये ब्रॉडली या संकेतस्थळाने ट्रान्स आणि नॉनबायनरी व्यक्तींचा १८० हून अधिक चित्रांचा संग्रह काढला. दुसरा मुद्दाम असा की माणसं कचेरीत, घरात, दवाखान्यात साधी कामं करताना दिसतात. संग्रहातून चित्र घेताना परवाना वाचा, आणि ते चित्र फक्त लिंगभावावरच्या लेखाला लावू नका. कर भरण्याच्या लेखालाही लावता येतं.

@ओटीवरची, झाकायच्या चौकोनांचं मूळ धाग्यात घालते. ज्यांनी पूर्ण मोजणी करायची ठरवली आहे त्यांनी तक्त्याच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहाव्यात: छेद कुठला, नमुना किती आणि कसा, ओळख कुणी सांगितली (स्वतः, संदर्भ, की अंदाज), अनिश्चित किती, आणि कुठले चौकोन झाकलेत. पुढची मोजणी वर्षाने, त्याच व्याख्यांनी. व्याख्या बदलायची असेल तर जुन्या साठवलेल्या नमुन्यावर नवी व्याख्या एकदा लावून दोन्ही आकडे शेजारी द्या.